मोडलं तर काय येईल?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. माझा चुलत भाऊ पाडव्याला पुण्याहून पाबळला आला होता. हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत तो चांगल्या हुद्द्यावर आहे. आमच्या घराण्यात पगाराच्या नोकरीत एवढा वर चढलेला तो पहिलाच. जेवणे झाल्यावर त्याने खिशातून एक काळेभोर कार्ड काढले आणि ओट्यावर टाकले. खण्णकन आवाज झाला. नेहमीची कार्डे प्लॅस्टिकची असतात, हे धातूचे होते! दादा म्हणाला, "हे मागून मिळत नाही. बँक स्वतःहून बोलावते, तेव्हाच मिळतं."

कार्ड हातोहात फिरले. शेवटी ते आजीच्या हातात गेले. तिने ते तळहातावर तोलून पाहिले, उलटसुलट केले आणि विचारले, "बाळा, हे मोडलं तर काय येईल रे?"

सगळे हसले. मीही हसलो. आजीच्या लेखी मोलाची वस्तू म्हणजे पाटल्या, डोरले, फार तर तांब्याचा हंडा. अडीअडचणीला सोनाराकडे नेली की जिचे पैसे येतात, ती वस्तू मोलाची. हा तिचा साधा हिशेब. दादाने तिला समजावण्याचा प्रयत्न केला; विमानतळावरची खास खोली, पंचतारांकित हॉटेलातली सवलत, पॉइंट वगैरे सांगितले. आजीने मान डोलावली आणि कार्ड परत दिले. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. त्याच आठवड्यात आमच्या घरी पतीचा दुसरा एक प्रसंग घडत होता, म्हणून तर तो जास्तच राहिला. तो प्रसंग पुढे सांगतो. आधी या कार्डाविषयी थोडे.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. इंग्रजीत ज्याला 'क्रेडिट' म्हणतात त्याला मराठीत 'पत' हा फार सुंदर शब्द आहे. पत म्हणजे उधारी मिळण्याची ताकद, आणि पत म्हणजे अब्रूही. 'त्याची गावात पत आहे' असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या तिजोरीत किती आहे हे सांगत नसतो. त्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात हे सांगत असतो. आता ही पत कार्डाच्या रूपाने खिशात घालून मिरवता येते. तेव्हा हे कार्ड कुणाला मिळते आणि त्याची खरी किंमत काय, हे दोन प्रश्न आपण शांतपणे तपासून पाहिले पाहिजेत.

कार्डाचा इतिहास फार जुना नाही. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये 'डायनर्स क्लब' निघाला. त्याचे कार्ड पुठ्ठ्याचे होते, आणि ते दाखवून ठरावीक उपाहारगृहांत उधारीवर जेवता येई. १९५८ साली बँक ऑफ अमेरिका या बँकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी सुमारे ६०,००० लोकांना न मागताच कार्डे टपालाने पाठवून दिली. त्यातूनच पुढे आजचे 'व्हिसा' निघाले. आपल्याकडे डायनर्स क्लब १९६१ साली आला, आणि १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने 'सेंट्रलकार्ड' काढले. बँकेने काढलेले ते देशातले पहिले क्रेडिट कार्ड मानले जाते.

म्हणजे आधी कार्ड हीच चैन होती. पुढे ते घरोघर गेले आणि त्याचा तोरा ओसरला. तेव्हा तोरा टिकवण्यासाठी पायऱ्या आल्या. चांदी, सोने, प्लॅटिनम आणि सर्वांत वर काळे. या काळ्या कार्डाची हकिकत मोठी गमतीची आहे. अमेरिकन एक्स्प्रेस कंपनी अतिश्रीमंतांना एक गुप्त काळे कार्ड देते, अशी अफवा १९८० नंतरच्या काळात पसरली होती. तसे कार्ड प्रत्यक्षात नव्हते. पण लोक इतके विचारू लागले की शेवटी १९९९ साली कंपनीने 'सेंच्युरियन' नावाचे काळे कार्ड खरोखरच काढले! अमेरिकेत त्याची प्रवेश फी १०,००० डॉलर आणि वार्षिक फी ५,००० डॉलर आहे. आधी हाव जन्माला आली आणि वस्तू मागाहून आली. उंची कार्डाचे सारे मर्म मला या एका हकिकतीत दिसते.

आता पात्रतेचे पाहू. असे कार्ड देताना बँक काय बघते? पगाराची पावती किंवा आयकराचे विवरण, बँकेतली ठेव, आधीच्या कार्डावरचा खर्च, आणि ज्याला सगळे 'सिबिल' म्हणतात तो ३०० ते ९०० मधला आकडा. तो ७५० च्या वर असला तर बरे मानतात. यातली मेख लक्षात घ्या. ज्याला उधारीची गरज नाही, त्यालाच सर्वांत मोठी उधारी देऊ केली जाते. आणखी एक गोष्ट आहे. बिल थकले तर सर्वसाधारण कार्डावर दरमहा साडेतीन टक्के किंवा त्याहून जास्त व्याज लागते. काही उंची कार्डांवर मात्र तोच दर दोन टक्क्यांच्या आसपास असतो. ज्याची ऐपत जास्त त्याला दर कमी! बँक म्हणेल, यात धोका कमी आहे. हिशेबाने ते खरेही आहे. पण ज्याचा पाय आधीच घसरतो आहे, त्याचा उतार या हिशेबाने आणखी निसरडा होतो, हेही तेवढेच खरे.

मग कार्डाची किंमत काय? कोल्ह्याला द्राक्षे आंबट, असे कुणी म्हणू नये म्हणून आकडेच मांडतो. आपल्या देशात वार्षिक १२,५०० रुपये फीचे एक उंची कार्ड आहे. १८ टक्के कर धरून ते १४,७५० रुपयांना पडते. साठ हजारांपुढची फी असलेलीही कार्डे आहेत. समजा, खर्चाच्या शंभर रुपयांमागे तीन रुपयांचे पॉइंट मिळतात आणि ते विमानाच्या तिकिटाला किंवा हॉटेलला वापरता येतात. दरमहा एक लाख खर्च करणाऱ्याला वर्षाला ३६,००० रुपयांचा लाभ होईल. फी वजा जाता त्याच्या पदरी २१,२५० रुपये राहतील. शिवाय बऱ्याच कार्डांवर मोठा खर्च झाला की फी माफ होते. म्हणजे जो मुळातच विमानाने फिरतो, हॉटेलात राहतो आणि महिन्याचे बिल पूर्ण भरतो, त्याला हे कार्ड फायद्याचे आहे. दादा असाच आहे. त्याला मी मूर्ख म्हणणार नाही.

पण महिन्याला १५,००० खर्चणारा मनुष्य घ्या. वर्षाचा खर्च १ लाख ८० हजार, पॉइंट ५,४०० रुपयांचे. १४,७५० देऊन त्याने ५,४०० मिळवले! वरचे ९,३५० रुपये त्याने कशाचे मोजले? त्या खण्णकन वाजणाऱ्या आवाजाचे. आणि तो आवाज खरा ठरावा म्हणून तो जर गरज नसताना खर्च वाढवू लागला, तर तोट्याला सीमा नाही. दादाने मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. हे कार्ड मिळावे म्हणून त्याने वर्षभर मित्रांची बिलेसुद्धा आपल्या आधीच्या कार्डावर भरली आणि मित्रांकडून रोख घेतले. खर्चाचा आकडा गाठायचा होता ना! पात्र होण्यासाठी माणसाला काय काय करावे लागते पाहा.

बरे, हे पॉइंट येतात कुठून? बँक ते पदरचे देत नाही. कार्डाने पैसे घेणाऱ्या दुकानदाराच्या रकमेतून काही भाग कापला जातो; त्यातून थोडे येतात. दुसरी मोठी आवक म्हणजे जे पूर्ण बिल भरू शकत नाहीत त्यांचे व्याज. बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून एक लहानसा आकडा छापलेला असतो. तेवढा भरला की दंड टळतो, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते. ३२,००० रुपये थकले आणि वर्षभर काहीच भरले नाही, तर साडेतीन टक्के मासिक चक्रवाढीने कर आणि दंड सोडूनही ते ४८,००० च्या वर जातात. सुमारे वीस महिन्यांत दामदुप्पट होते. कुठल्या तरी कंपनीत नव्याने लागलेला पोरगा व्याज भरतो आणि विमानतळावरच्या खास खोलीत दुसऱ्या कुणाला फुकट चहा मिळतो. सगळा खर्च यातूनच निघतो असे मी म्हणत नाही. पण यातूनही निघतो, हे नाकारता येणार नाही.

'दामदुप्पट' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात एक नियम होता. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला. सावकारशाहीच्या त्या काळातसुद्धा व्याजाला कुठे तरी कुंपण होते! आजच्या काळात, २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ठरवले होते की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणे ही अनुचित प्रथा आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजदराची बाब रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतली आहे, असा त्यातला आशय. न्यायालयाचा कायद्याचा अर्थ बरोबरच असेल. पण ते कुंपण गेले, एवढे आपल्याला कळले पाहिजे.

कर्जाचा हा विषय आपल्या शिरूर तालुक्याला नवा नाही. इतिहासाच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' म्हणून जो धडा आहे, त्याची सुरुवात आपल्याच तालुक्यात झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला भाव आला, आणि सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, वर सरकारने सारा वाढवला आणि पूर्वी सहज मिळणारे कर्ज एकाएकी आटले. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने एका देशमुखाविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. या उठावाचे वैशिष्ट्य असे की लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. खतपत्रे हाती आली की ती जाळायची आणि निघून जायचे. पुष्कळांनी त्या खतांवर अंगठा उठवला होता, पण आत काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते.

या उठावानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याने करून दिलेले खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, पैसे दिल्याची पावती मिळावी, कर्जापायी शेतकऱ्याला अटक होऊ नये, आणि खतावरच्या आकड्यामागचा खरा हिशेब न्यायालयाने तपासावा, अशा तरतुदी त्यात होत्या. 'जुना सावकार बरा होता' असे उसासे कधी कधी ऐकू येतात. तालुक्याचा हा इतिहास वाचला तर ते उसासे टिकत नाहीत. पण आपलेही पाहा. आपल्या आजोबा-पणजोबांना वाचता येत नव्हते म्हणून त्यांनी अंगठा उठवला. आपल्याला वाचता येते, तरीही फोनवर पाच पानांच्या अटी आल्या की आपण न वाचता 'मान्य आहे' यावर बोट दाबतो. अंगठ्याच्या जागी बोट आले. प्रगती झाली ती एवढीच!

आणि कर्ज काही फक्त गरिबालाच असते असेही नाही. आपल्या गावात मस्तानीची समाधी आहे. पाबळ तिला इनाम होते. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला ती दाखवायला नेतो आणि बाजीराव-मस्तानीच्या गोष्टी सांगतो. एक गोष्ट मात्र आपण सांगत नाही. १७३७ साली दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारणारा तो थोरला बाजीराव कर्जाने गांजलेला होता. फौजेचा खर्च भागवण्यासाठी त्याला सावकारांकडून पैसे उचलावे लागत. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून सावकारांपुढे वाकून वाकून थकल्याची त्याची तळमळ दिसते. खुद्द स्वामीही त्याच्या धनकोंपैकी एक होते. पेशव्यापेक्षा उंची कार्ड त्या काळी कुणाला मिळाले असते? तरी त्याचीही झोप कर्जाने उडाली होती. थाट दिसतो आणि देणे दिसत नाही, हे तेव्हाही होते आणि आजही आहे.

आता आमच्या घरचा प्रसंग सांगतो.

दादाचे कार्ड घरात हातोहात फिरत होते त्याच आठवड्यात आमच्या विहिरीवरची पाणबुडी मोटर जळाली. कांद्याचे रोप लागणीला आले होते. विहिरीत पाणी होते, पण वर येत नव्हते. आपला हा भाग पावसाच्या भरवशाचा. ज्या चार महिन्यांत विहिरीला पाणी असते तेच आमचे वर्ष. नवी मोटर ३२,००० रुपयांची. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका बँकेत गेले. सात-बारा, आठ-अ सगळे बरोबर नेले. त्यांना आसपासच्या सगळ्या संस्थांचे बेबाकी दाखले आणायला सांगितले. तेही त्यांनी तीन दिवस हिंडून आणले. मग साहेबांनी संगणकात पाहिले आणि कर्ज देता येत नाही म्हणाले. कारण काय, तर सहा वर्षांपूर्वी अण्णा एका शेजाऱ्याला जामीन राहिले होते आणि त्या शेजाऱ्याचे हप्ते थकले होते. अण्णांचे स्वतःचे सोसायटीचे पीककर्ज दर वर्षी ३१ मार्चच्या आत भरलेले आहे. एकही वर्ष चुकलेले नाही. पण त्या आकड्यात दुसऱ्याच्या थकबाकीला जागा होती, आणि अण्णांच्या नेमाला तिच्यापुढे वजन नव्हते.

नियमाने त्या साहेबांचे चुकले असेल असे मी म्हणणार नाही. जामीन राहणे म्हणजे जबाबदारी घेणे, हे खरेच आहे. पण संध्याकाळी अण्णा पायरीवर बसून चपला न काढताच कितीतरी वेळ समोर पाहत राहिले, ते मी विसरू शकत नाही. ज्याला गावात कुणी कधी दारात उभे करून ठेवले नाही, त्या माणसाला एका आकड्याने नापास केले होते.

दादाला हे कळले तेव्हा तो लगेच म्हणाला, "काका, त्यात काय! मोटर माझ्या कार्डावर घेऊ. तुम्ही सवडीने द्या. मलाही पॉइंट मिळतील." त्याच्या बोलण्यात मोठेपणाचा आव नव्हता, मनापासून बोलत होता तो. अण्णांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "नको बाळा. उद्या कांदा पडला तर माझ्यामुळे तुझा आकडा बिघडेल. मी एकदा दुसऱ्याच्या पायी बिघडवून घेतलाय. ते दुखणं तुला नको."

दुसऱ्या दिवशी ते बाजारातल्या मोटरच्या दुकानी गेले. दुकानदार वीस वर्षांच्या ओळखीचा. त्याने कागद मागितला नाही, जामीन मागितला नाही. पाच हजार रोख घेतले, उरलेले २७,००० वहीत मांडले आणि मोटर टेम्पोत घातली. "कांदा निघाला की द्या," एवढेच बोलला. कांदा निघाला. भाव काही फार नव्हता. चाकणच्या बाजारात दोन खेपा झाल्या. दोन्ही खेपांची पट्टी हातात पडताच अण्णा घरी येण्याआधी दुकानी गेले, आणि दुसऱ्या खेपेला वहीतली ती ओळ आडवी खोडली गेली. मी बरोबर होतो. ती ओळ खोडताना दुकानदाराने अण्णांना चहा सांगितला. विमानतळावरच्या खास खोलीतला चहा मी अजून प्यालेलो नाही. पण त्या दिवशीचा चहा चांगला होता, एवढे मी सांगू शकतो.

यावरून मी असे म्हणणार नाही की बँका नकोत, वहीच बरी. वहीवर भाव कोणता लावला हे दुकानदाराच्याच हातात असते, आणि ज्याची ओळख नाही त्याला वही उघडत नाही. गावात नवा आलेला, भूमिहीन, एकटी बाई यांना ती वहीसुद्धा अनेकदा बंदच असते. म्हणूनच बँक हवी, कायदा हवा, छापील अटी हव्यात. १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड आले ते याचसाठी. कार्ड म्हणून पाहिले तर ते दादाच्या कार्डापुढे अगदी गरीब. खण्णकन वाजत नाही, त्याच्यावर कुठली खोली उघडत नाही. पण वेळेत परतफेड केली तर तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज केंद्राच्या सवलतीने चार टक्क्यांनी पडते, आणि आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या व्याज सवलत योजनेतून ते व्याजही माफ होते. १ जानेवारी २०२५ पासून तारणाशिवाय मिळणाऱ्या शेतीकर्जाची मर्यादा दोन लाखांवर गेली आहे. एका हंगामासाठी बियाणे, खत आणि मजुरीचे पैसे हाती देणारे ते कार्ड माझ्या मते या देशातले सर्वांत मोलाचे कार्ड आहे. त्याला कुणी 'उंची' म्हणत नाही, ही गोष्ट वेगळी.

पात्रतेची दुसरी एक रीत आपल्या गावातच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढला. मुंबईच्या मोठ्या कंपनीतले शास्त्रज्ञाचे पद सोडून ते या कोरडवाहू गावात आले. शाळेने ज्यांना नापास करून बाहेर काढले, अशा मुलांना त्यांनी बोलावले. गुणपत्रिका विचारली नाही. हातात वेल्डिंगचे हत्यार दिले, सुतारकाम दिले, शेती आणि विजेचे काम दिले, आणि करता करता शिकवले. २००३ साली डॉक्टर गेले, पण आश्रम चालू आहे. ज्याला गरज नाही त्याला आमंत्रण देणे ही एक रीत. ज्याला सगळ्यांनी नाही म्हटले त्याला 'ये, करून दाखव' म्हणणे ही दुसरी. पत देणाऱ्या संस्थांनी यातली दुसरी रीत थोडी तरी उचलावी, एवढेच माझे मागणे आहे. सोसायटीचे कर्ज वर्षानुवर्षे वेळेत भरणारा, डेअरीला रोज दूध घालणारा, विजेचे बिल न चुकवणारा शेतकरी यांच्या नेमालाही आकड्यात जागा असावी. जामीनकीचा डाग मोजायचा तर स्वतःच्या फेडीचे पुण्यही मोजावे.

आणि आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? आपल्यापैकी पुष्कळजण उद्या रांजणगाव, चाकण, पुणे अशा ठिकाणी नोकरीला लागतील. पहिला पगार होतो न होतो तोच फोन येईल, 'सर, तुमच्या नावे कार्ड मंजूर झाले आहे.' त्या 'सर' शब्दाने छाती फुगेल. अशा वेळी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. न मागता कार्ड माथी मारायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. नको असेल तर स्पष्ट नाही म्हणावे. कार्ड घेतलेच तर बिल पूर्ण भरावे, आणि 'किमान देय' या शब्दांना मृगजळ समजावे. आणि आपला पतीचा आकडा कसा आहे हे वर्षातून एकदा पाहावे. प्रत्येक पतमाहिती संस्थेने वर्षातून एक अहवाल फुकट द्यायचा असतो. अण्णांना हे आधी माहीत असते तर तीन दिवसांची पायपीट तरी वाचली असती. जामीन राहण्याआधीही दहादा विचार करावा, हे तर आता मी शिकलोच आहे.

उद्या मला कुणी ते काळे कार्ड देऊ केले तर मी घेईन का? खरे सांगायचे तर मोह होईल. ओट्यावर ते टाकले तेव्हाचा आवाज माझ्याही कानाला गोड लागला होता. कदाचित घेईनही, पण हिशेब करून घेईन, आणि ती माझी पत आहे असे मात्र समजणार नाही. ती बँकेने माझ्या पगाराला दिलेली पावती आहे. पगार थांबला की पावती परत जाईल.

आजीच्या प्रश्नाला त्या दिवशी कुणी नीट उत्तर दिले नाही. ते असे आहे. आजी, हे कार्ड मोडलं तर काहीच येणार नाही. अण्णांची पत मात्र त्या दुकानात एकदा मोडून पाहिली. २७,००० आले, आणि पत होती तिथेच राहिली.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)